अख्खा मेंदू लॅपटॉपवर चालवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

२०१३ साली जपानच्या 'के' नावाच्या महासंगणकावर एक प्रयोग झाला. 'नेस्ट' हे सॉफ्टवेअर वापरून १७३ कोटी कृत्रिम चेतापेशी आणि त्यांना जोडणारे १०.४ लाख कोटी सिनॅप्स चालवून पाहिले गेले. ८२,९४४ प्रोसेसर कामाला लावले होते, तरी मेंदूतला एक सेकंद पुढे सरकायला घड्याळातली ४० मिनिटं लागली. माणसाच्या मेंदूत अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. म्हणजे एवढा सगळा खटाटोप जेमतेम दोन टक्के पेशींसाठी होता.

त्याच सुमाराला 'द व्हर्च्युअल ब्रेन' नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर लोकांच्या हाती आलं. ते घरच्या लॅपटॉपवर चालतं आणि त्यात अख्ख्या मेंदूच्या हालचालींची कित्येक मिनिटं उलगडून बघता येतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर वेगवान संगणकात किंवा चलाख कोडमध्ये मिळत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये काय मोजायचं नाही हे आधी ठरवलेलं आहे, उत्तर तिथे आहे.

एक मोठं सभागृह डोळ्यांसमोर आणा. हजार माणसं टाळ्या वाजवताहेत. प्रत्येकाचा हात कोणत्या क्षणी कुठे होता याची नोंद ठेवायची तर काम कधीच संपणार नाही. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला टाळ्यांचा आवाज एकूण किती मोठा आहे, वाढतोय की ओसरतोय, एका लयीत आहे की विस्कळीत, एवढं सहज कळतं. मेंदूच्या एका लहानशा भागात कोट्यवधी पेशी असतात आणि ईईजीची (डोक्यावरून मेंदूतले विद्युतसंकेत टिपणाऱ्या तपासणीची) तार किंवा एमआरआयचं यंत्र कवटीबाहेरूनच ऐकत असतं. त्यांना एकेक पेशी दिसतच नाही, त्यांच्यापर्यंत पोचतो तो घोळक्याचा आवाज. मग गणितही घोळक्याचंच मांडावं, हा या साऱ्या सॉफ्टवेअरमागचा विचार आहे.

असं गणित ह्यू विल्सन आणि जॅक कोवन यांनी १९७२ साली मांडलं, आणि ते आजही रोजच्या वापरात आहे. त्यांनी एका भागातल्या पेशींचे दोन गट केले, चेतवणाऱ्या आणि आवरणाऱ्या. चेतवणाऱ्या पेशी एकमेकींना चेतवतात आणि सोबत आवरणाऱ्यांनाही जागं करतात. आवरणाऱ्यांचा जोर वाढला की चेतवणाऱ्या दबतात. त्या दबल्या की आवरणाऱ्यांना जागं ठेवणारं कोणी उरत नाही, म्हणून त्याही ओसरतात. मग चेतवणाऱ्या पुन्हा डोकं वर काढतात. दोन आकडे आणि दोन समीकरणं, एवढ्यातून लय जन्माला येते. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं, कारण घड्याळासारखं ठोके देणारं काहीही त्यात घातलेलं नसतं. १९९५ मध्ये बेन जॅन्सन आणि व्हिन्सेंट रिट यांनी दोनाऐवजी तीन गट घेतले आणि डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या ईईजीत दिसणारी, सेकंदाला ८ ते १२ वेळा वरखाली होणारी अल्फा लय त्यातून मिळवली. अशा मॉडेलला 'न्यूरल मास' म्हणतात.

आता मेंदूच्या वरच्या थराचे तुकडे पाडायचे. किती, हे कोणता अ‍ॅटलास (मेंदूच्या भागांचा नकाशा) निवडता त्यावर ठरतं. 'देसिकान-किलियानी' या फार वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅटलासमध्ये ६८ भाग आहेत, तर ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टच्या गटाने २०१६ मध्ये दिलेल्या नकाशात ३६०. प्रत्येक भागात एक न्यूरल मास बसवायचा. ६८ भाग आणि प्रत्येकी दोन समीकरणं म्हणजे १३६ आकडे दर क्षणाला पुढे ढकलायचे. लॅपटॉपला हे झेपतं.

पण सुटे ६८ भाग म्हणजे मेंदू नव्हे. त्यांना जोडणाऱ्या वाटा हव्यात, आणि त्या खऱ्या माणसाच्या हव्यात. 'के' संगणकावरच्या प्रयोगात पेशी एकमेकींना यदृच्छेने जोडलेल्या होत्या, कारण तिथे संगणकाची ताकद तपासायची होती. इथे मात्र जोडणी हाच सगळ्याचा जीव आहे. ती मिळते डिफ्यूजन एमआरआयमधून. मेंदूतल्या पाण्याचे रेणू सतत इकडे तिकडे सरकत असतात. जिथे तंतूंचा जुडगा असतो तिथे ते तंतूंच्या दिशेने सहज सरकतात आणि आडवे जाताना अडतात. यंत्र ही सरकण्याची दिशा ठिकठिकाणी टिपतं आणि संगणक त्या दिशा एकापुढे एक जोडत वाट काढत जातो. शेवटी हातात दोन तक्ते येतात. कोणत्या भागापासून कोणत्या भागापर्यंत किती जाड जोडणी आहे हे पहिल्यात, आणि ती वाट किती मिलिमीटर लांब आहे हे दुसऱ्यात. मेंदूच्या अशा जोडणीच्या नकाशाला 'कनेक्टोम' हा शब्द २००५ मध्ये सुचवला गेला.

या तक्त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, आणि हे नव्याने येणाऱ्यांना कोणीतरी ठणकावून सांगायला हवं. पाण्याच्या रेणूंना वाट कळते, पण त्या वाटेने संदेश इकडून तिकडे जातो की तिकडून इकडे, हे कळत नाही. त्यामुळे तक्ता दोन्ही बाजूंनी सारखाच निघतो. जिथे दोन जुडगे एकमेकांना छेदतात तिथे संगणक चुकीच्या फाट्याला वळू शकतो आणि मुळात नसलेल्या जोडण्या तक्त्यात शिरतात. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या लांब वाटा पुष्कळदा खऱ्यापेक्षा बारीक दिसतात. माकडांच्या आणि उंदरांच्या मेंदूत खुणेचा पदार्थ टोचून तो कुठवर पोचला हे पाहता येतं, म्हणून तिथे दिशाही कळते. जिवंत माणसावर तसं करता येत नाही.

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग, म्हणजे उशीर. संदेश एका भागातून दुसऱ्या भागात पोचायला वेळ लागतो. समजा वाट १२० मिलिमीटर लांब आहे आणि वेग सेकंदाला सहा मीटर. संदेश २० मिलिसेकंद उशिरा पोचेल. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण सेकंदाला दहा वेळा होणाऱ्या अल्फा लयीचं एक आवर्तन १०० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे आवर्तनाचा पाचवा हिस्सा वाटेतच खर्ची पडला. झोका देणाऱ्या माणसाचा विचार करा. झोका मागे येऊन पुन्हा पुढे निघतानाच हात लावला तर तो उंच जातो. तोच धक्का, तेवढ्याच ताकदीचा, अर्ध्या आवर्तनाने उशिरा दिला तर झोका मंदावतो. मेंदूतही दोन भागांची जोडणी तेवढीच राहून केवळ अंतर बदललं, तर ते एका तालात चालतील की एकमेकांच्या उलट, हे बदलू शकतं. लांबीचा दुसरा तक्ता लागतो तो याचसाठी.

आणि याचसाठी वेगळं सॉफ्टवेअरही लागतं. साधी समीकरणं सोडवणारी तयार साधनं ढिगाने मिळतात, पण ती 'आत्ता काय आहे' यावरून 'पुढच्या क्षणी काय होईल' एवढंच काढतात. इथे प्रत्येक भागाला इतर ६७ भागांचा भूतकाळ लागतो, आणि प्रत्येकाचा वेगळा भूतकाळ. एकाचा २० मिलिसेकंदांपूर्वीचा, दुसऱ्याचा सातच मिलिसेकंदांपूर्वीचा. एका पायरीत ०.१ मिलिसेकंद पुढे जायचं असेल, तर २० मिलिसेकंद म्हणजे २०० पायऱ्या मागे वळून पाहणं आलं. तेवढा इतिहास स्मृतीत फिरता ठेवायचा, जुनं पुसत नवं लिहायचं, आणि त्यातून हवा तो आकडा झटकन उचलायचा. वर प्रत्येक पायरीत थोडी यदृच्छ खळबळही मिसळायची, कारण खरा मेंदू कधी पूर्ण स्तब्ध नसतो. हे स्वतः लिहायला बसलं तर पहिल्या फेरीत चूक हमखास होते, आणि ती चूक दिसतही नाही. आलेख छान नागमोडी येतो, फक्त चुकीचा असतो. चांगल्या साधनाचा पहिला उपयोग हा, की ही बाजू शेकडो लोकांच्या डोळ्यांखालून गेलेली असते.

आता एक बटण उरतं. तज्ज्ञ त्याला 'ग्लोबल कपलिंग' म्हणतात. पहिल्या तक्त्यातले आकडे एकमेकांच्या तुलनेत खरे असतात, पण एक जाड जोडणी समोरच्या भागाला नक्की किती हलवते हे एमआरआय सांगत नाही. म्हणून सगळ्या तक्त्याला एकाच आकड्याने गुणायचं आणि तो आकडा वरखाली करून पाहायचं. शून्यावर ठेवला तर प्रत्येक भाग आपल्यातच दंग राहतो, कोणाला कोणाचा पत्ता नाही. फार वाढवला तर सगळे एका साच्यात जखडले जातात. या दोन टोकांच्या मधे एक चिंचोळी पट्टी असते. तिथे काही भाग थोडा वेळ जुळतात, सुटतात, दुसऱ्यांशी जुळतात. खऱ्या मेंदूची चित्रं बहुतेक वेळा याच पट्टीच्या आसपास सगळ्यात जास्त जुळतात.

जुळतात म्हणजे कशाशी? १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयमध्ये निवांत पडून असलेल्या माणसांचे मेंदू तपासले. बोट हलवताना जे डावे-उजवे भाग कामाला लागतात, ते बोट न हलवतानाही संथपणे एकत्र वरखाली होताना दिसले. काहीही न करणारा मेंदूसुद्धा ठरावीक जोड्यांनी डोलत असतो, हे त्यातून पुढे आलं. कोणता भाग कोणाबरोबर किती डोलतो याचा तक्ता खऱ्या माणसाकडून काढायचा, सिम्युलेशनमधूनही, म्हणजे संगणकावर चालवलेल्या मॉडेलमधूनही काढायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे.

मधे एक पायरी आहे जी विसरून चालत नाही. एमआरआय पेशींची हालचाल थेट मोजत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथे रक्ताचा ओघ वाढतो आणि रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बदलतं, ते यंत्राला दिसतं. हा बदल चार-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. म्हणजे मिलिसेकंदांत घडलेलं सेकंदांत विरघळून दिसतं. तेव्हा सिम्युलेशनचे आकडेही रक्तप्रवाहाच्या समीकरणांतून गाळून घ्यावे लागतात. ईईजीशी तुलना करायची असेल तर वेगळी गाळणी लागते. मेंदूच्या पृष्ठभागावरचा विद्युतप्रवाह कवटी आणि कातडी ओलांडून तारेपर्यंत किती पोचतो, हे तिथे मोजावं लागतं. द व्हर्च्युअल ब्रेनमध्ये या गाळण्यांना 'मॉनिटर' म्हणतात. एकच कृत्रिम मेंदू, पण बघणारी यंत्रं वेगळी, असं ते आहे.

द व्हर्च्युअल ब्रेनची रचना समजली की बाकीची साधनं समजायला सोपी जातात. हे मुक्त सॉफ्टवेअर पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेलं आहे. मार्सेयचे व्हिक्टर यिर्सा, तेव्हा टोरंटोत असलेले रँडी मॅकिन्टॉश आणि बर्लिनच्या पेट्रा रिटर ही त्यामागची ठळक नावं. सिम्युलेशन सुरू करण्याआधी ते तुम्हाला काही गोष्टी ठरवायला लावतं. प्रत्येक भागात कोणतं मॉडेल? जोडणीचा तक्ता कोणता? शेजाऱ्यांकडून आलेला संदेश कसा मिसळायचा? समीकरणं कोणत्या पद्धतीने आणि किती बारीक पायऱ्यांनी सोडवायची? कोणत्या यंत्रातून पाहायचं? हा नुसता फॉर्म वाटेल, पण माझ्या दृष्टीने साधनाचं खरं मोल इथेच आहे. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये हेच निर्णय कुठेतरी मधल्या ओळीत दडून बसतात आणि सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही सापडत नाहीत. इथे ते उघड्यावर असतात. दुसऱ्या देशातला कोणी तुमचे निर्णय जसेच्या तसे भरून तेच उत्तर येतं का पाहू शकतो, किंवा त्यातला एकच बदलून काय फरक पडतो ते तपासू शकतो. कोड लिहायचा नसेल त्यांच्यासाठी ब्राउझरमधून चालवायची सोयही त्यात आहे.

'न्यूरोलिब' हे बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं लहान, चपळ पॅकेज. त्यात पायथॉनचा कोड 'नुम्बा' हे साधन वापरून यंत्रभाषेत उतरवला जातो, त्यामुळे वेग येतो. वेगाचं एवढं कौतुक का, तर हिशेब करून पाहा. दहा मिनिटांच्या सिम्युलेशनला ०.१ मिलिसेकंदांच्या पायरीने ६० लाख पायऱ्या लागतात. ग्लोबल कपलिंगच्या ५० किमती, संदेशवेगाच्या दहा, आणि खळबळ यदृच्छ असल्याने प्रत्येकीची दहा आवर्तनं, म्हणजे ५,००० वेळा ते सगळं चालवायचं. एकेका आवर्तनात वाचलेला मिनिट शेवटी साडेतीन दिवसांएवढा होतो. ऑस्ट्रेलियात तयार झालेलं 'ब्रेन डायनॅमिक्स टूलबॉक्स' मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात पट्टी सरकवली की लगेच आलेख बदलताना दिसतो. शिकण्यासाठी मला याहून चांगलं काही माहीत नाही. 'हूबपिट' हे पायटॉर्च या यंत्रशिक्षणाच्या साधनावर बांधलेलं आहे. यंत्रशिक्षणात जसं चूक मोजून आकडे थोडे थोडे दुरुस्त करत नेतात, तसंच ते मेंदूच्या मॉडेलचं करतं, म्हणजे हजारो किमती आंधळेपणाने चाळत बसायला नको. नेस्ट, न्यूरॉन, ब्रायन ही नावंही तुमच्या कानावर येतील, पण ती एकेका पेशीच्या पातळीवर काम करतात. त्यांचं काम वेगळं.

या सगळ्याचा माणसाला उपयोग काय, याचं आजवरचं सर्वांत ठोस उदाहरण अपस्माराचं आहे. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांच्या आकड्या औषधांनी आवरत नाहीत. त्यांच्यापैकी काहींना शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. आकडी जिथून सुरू होते तो भाग काढायचा. पण तो भाग नेमका कोणता? आकडी एका ठिकाणी पेटते आणि क्षणात तंतूंच्या वाटांनी इतरत्र पसरते. मेंदूत खोल घातलेल्या तारांनाही फक्त त्या जिथे आहेत तिथलंच ऐकू येतं. यिर्सा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'एपिलेप्टर' हे मॉडेल मांडलं. आकडी सुरू कशी होते, चालते कशी आणि आपोआप थांबते कशी, हे ते मोजक्या समीकरणांत पकडतं. रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयमधून जोडणी घ्यायची, प्रत्येक भागात एपिलेप्टर बसवायचा, आणि कोणता भाग किती 'पेटाऊ' मानला तर तारांमध्ये नोंदलेली आकडी उमटते, हे उलट बाजूने शोधत जायचं. मग पडद्यावर एखादा भाग तोडून पाहायचा. आकडी थांबते का? कमी तोडूनही थांबते का? या पद्धतीने शस्त्रक्रियेचे निकाल खरोखर सुधारतात का, हे तपासायला फ्रान्समध्ये 'एपिनोव्ह' ही चाचणी अनेक रुग्णालयांत हाती घेण्यात आली. निर्णय अर्थातच शल्यविशारदांचाच असतो, सॉफ्टवेअर त्यांच्यासमोर आणखी एक पुरावा ठेवतं.

आता मर्यादा, आणि त्या मी हात राखून सांगणार नाही. हा मेंदू विचार करत नाही. त्याला आठवणी नाहीत, भाषा नाही, दुःख नाही. त्यात फक्त घोळक्यांची लय आहे. दुसरं असं की वेगवेगळ्या किमतींचे जोड सारखंच चित्र देऊ शकतात. कपलिंग थोडं वाढवलं आणि खळबळ थोडी बदलली, तरी तक्ता तितकाच जुळतो. मग खरं कोणतं? म्हणून आता एकच उत्तम उत्तर देण्याऐवजी 'या मर्यादेतल्या किमती शक्य आहेत' असं सांगणाऱ्या संभाव्यतेच्या पद्धती रुळताहेत, आणि हे मला प्रामाणिक वाटतं. तिसरं, बऱ्याच मॉडेलांत सगळे भाग एकसारखे धरलेले असतात, जे खरं नाही. गुस्ताव्हो डेको आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्याच्या परिणामाचा अभ्यास करताना सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका ग्राहीचा (ते रसायन जिथे पकडलं जातं त्या पेशीवरच्या जागेचा) मेंदूभरचा नकाशा मॉडेलमध्ये घातला. ज्या भागात तो ग्राही जास्त, तिथला प्रतिसाद जास्त. तो नकाशा यदृच्छ विस्कटला की खऱ्या मोजमापाशी असलेला मेळ बिघडत होता.

ही विस्कटून पाहायची सवय मला फार महत्त्वाची वाटते. सिम्युलेशन खऱ्या मेंदूशी जुळलं म्हणून हरखून जाण्याआधी जोडणीचा तक्ता विस्कटून तेच पुन्हा चालवावं. जवळचे भाग तसेही एकत्र डोलतात, त्यामुळे नुसत्या अंतरावरूनही बराचसा मेळ जमतो. विस्कटलेल्या तक्त्यानेही तेवढंच जुळत असेल, तर त्या माणसाच्या मेंदूबद्दल आपण अजून काही शिकलेलो नाही.

कोणाला हात घालून पाहायचा असेल तर ६८ भागांनी सुरुवात करू नका. दोन भाग घ्या, दोघांनाही सेकंदाला दहा आवर्तनांची लय द्या आणि एकमेकांना जोडा. उशीर पाच मिलिसेकंद ठेवा. थोड्याच वेळात दोन्ही रेषा एकीवर एक बसतील. मग दुसरं काहीही न बदलता उशीर पन्नास मिलिसेकंद करा आणि पुन्हा चालवा. आता एक रेषा वर असेल तेव्हा दुसरी खाली असेल.